कौलं उतरली, स्लॅब पडला आणि वर्ग कोंदटला: दर पावसाळ्यात परतणारी डोकेदुखी कशी शोधावी

जुलै लागला की आमच्या शाळेत एक तक्रार ठरलेली. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरचं एखादं पोर कपाळ धरून उभं राहतं. "बाई, डोस्कं दुखालंय." थोड्या वेळानं दुसरं. मग चार-पाच जण जांभया देत डोकं बाकावर टेकवतात. मधल्या सुट्टीत पडवीत धुडगूस घालताना यातल्या कुणाचंच डोकं दुखत नसतं. आत येऊन अर्धा तास झाला की पुन्हा तेच. बाहेरून येणाऱ्या माणसाला दारातच ओल्या गोणपाटासारखा वास येतो, आत बसलेल्यांना तो येईनासा झालेला असतो.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. ही तक्रार आम्ही चार पावसाळे वेगवेगळ्या तऱ्हेनं मिटवली आणि चारही वेळा ती परत आली. खानापूर, बेळगावचा पश्चिम पट्टा, चंदगडच्या हद्दीला लागलेली गावं, इकडच्या बऱ्याच शाळांच्या खोल्या एकाच घडणीच्या आहेत. त्यामुळे आमचं जे चुकलं ते तुमचंही चुकत असण्याची शक्यता खूप आहे.

पहिल्या वर्षी आम्ही भिंतीला दोष दिला. काळे डाग खरवडले, वर ऑइल पेंटचा पट्टा मारला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बघतो तर ओल पट्ट्याच्या वर चढलेली. दुसऱ्या वर्षी पालकांनी वर्गणी काढून छताचे दोन पंखे दिले. घाम कमी झाला, डोकेदुखी तशीच राहिली. छताचा पंखा खोलीतलीच हवा खोलीत फिरवतो, बाहेरची एक ओंजळही आत आणत नाही. हे कळायला आम्हाला एक आख्खं वर्ष लागलं. तिसऱ्या वर्षी एक्झॉस्ट पंखा बसवला, त्याची कहाणी पुढे सांगते.

चौथ्या वर्षी ओल बघायला गावातले गवंडी आले होते. वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. खोलीत उभे राहून त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा चारी भिंती बघितल्या आणि म्हणाले, "बाई, आधी कौलं हुती तवा वारं कौलातनं जायाचं की. आता कुठनं जाणार?"

सगळं त्या एका वाक्यात होतं. आमची जुनी खोली चिऱ्याच्या भिंतींची, वर मंगळुरी कौलं. कौलाकौलांच्या फटींतून, भिंत आणि वाशांच्या मधल्या जागेतून दिवसभर हवा निघून जायची. त्या छताला आम्ही गळकं म्हणून नावं ठेवली, पण खोलीचा श्वास त्याच्यावर चालला होता. दुरुस्तीत कौलं उतरली, स्लॅब पडला, उंची कमी झाली. लाकडी दोन झडपांच्या खिडक्या गेल्या, सरकत्या ॲल्युमिनियमच्या आल्या. भिंतीत वर दोन झरोके होते, पारवे येतात म्हणून ते विटांनी बुजवले. गळती थांबली, सगळ्यांना आनंद झाला. हवेची वाट आपण बंद केली हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तक्रार नेमकी त्याच्या पुढच्या जूनपासून सुरू झाली होती. हजेरीपट आणि दुरुस्तीची फाइल शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा खात्री पटली.

म्हणून तुमच्याकडेही पहिला प्रश्न हाच: तक्रार कोणत्या वर्षापासून आहे आणि त्याच्या आधी खोलीत काय बदललं?

दुखणं कोणतं, ते वेळेवरून ओळखा

कोंदट वर्ग म्हणजे एकच दुखणं नव्हे. श्वासानं शिळी झालेली हवा, भिंतीतली ओल आणि बाहेरून येणारा धूर किंवा धूळ, अशी तीन दुखणी एकमेकांचं सोंग घेतात. आम्ही ती वेगळी केली नाहीत म्हणून चार वर्षं गेली.

वेळ विचारा. सकाळी ठीक, तास चढत जाईल तसं जड, सुट्टीत बाहेर गेल्यावर बरं, हे शिळ्या हवेचं लक्षण. सकाळी कुलूप काढतानाच वास येतो, ठरावीक भिंतीकडच्या मुलांना शिंका-खोकला जास्त, सोमवारी अधिकच, म्हणजे ओल. दोन दिवस बंद राहिलेल्या खोलीत बुरशीचा वास साठतो. ठरावीक वेळेलाच डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि मग आपोआप थांबतं, म्हणजे धूर; त्या वेळी बाहेर काय पेटतंय ते बघा.

मुलांनाही विचारा, पण "डोकं दुखतं का?" असं विचारू नका, सगळा वर्ग हात वर करतो. "रविवारी घरी दुखलं का?" असं विचारा. घरीही दुखत असेल तर ते डोळ्यांचं असेल, न खाता शाळेत येण्याचं असेल. आमच्या वर्गात तशी दोन मुलं निघाली, एकीला चष्मा लागला. रात्री खोकल्यानं झोप मोडते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, असं कुणी सांगितलं तर खिडकीची दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका, त्या मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवा.

आणखी एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत किंवा खोलीला लागून शेगडी, कोळसे पेटवलेले असतील आणि एकाच वेळी बऱ्याच जणांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना तात्काळ उघड्यावर काढा आणि दवाखाना गाठा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शिळी हवा: हिशेब फळ्यावर मांडा

ही मोजणी मी एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत फळ्यावर करून दाखवली, तेव्हा कुठं सगळ्यांना पटलं. बसून अभ्यास करणारं लहान मूल तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, मोठं माणूस १८ च्या आसपास. वर्गात ३४ मुलं आणि मी, म्हणजे तासाला सव्वाचारशे लिटर. खोली २० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. आत साधारण ११३ घनमीटर हवा. सगळं बंद असेल तर दहा लाख भागांत तासाला जवळपास ३,७०० भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० च्या आसपास असतं. म्हणजे प्रार्थना संपवून मुलं आत बसली आणि दार-खिडक्या लावल्या, तर हजाराचा आकडा नऊ-दहा मिनिटांत गाठला जातो. हजेरीही पुरी झालेली नसते.

हजारच का? म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये हा आकडा सुचवला आणि खोलीची हवा जोखायला तो आजही वापरात आहे. हजाराला विष चढतं असं मुळीच नाही. हा वायू इथं साक्षीदार आहे. तो साठला म्हणजे एकमेकांच्या श्वासातली ओल, वास आणि सर्दी-खोकल्याचे जंतूही तितकेच साठले. एका बाकावरची सर्दी आठवड्यात आख्ख्या वर्गाला होते, ती अशीच.

आता उलट हिशेब. खोलीतली हवा तासात दोनदाच बदलत असेल तर आकडा २,३०० च्या घरात जाऊन थांबतो. सहा वेळा बदलली तर हजाराच्या थोडा वर राहतो. आपल्याला हवेत हे सहा बदल, म्हणजे तासाला सुमारे ७०० घनमीटर बाहेरची हवा. एकाच भिंतीतल्या अर्ध्या उघड्या खिडकीच्या भरवशावर राहू नका. समोरासमोर दोन वाटा असल्या तर साध्या वाऱ्यावरही हे काम होऊ शकतं.

वाटा आहेत की नाहीत ते बघायला एक अगरबत्ती पुरते. मुलं घरी गेल्यावर, पंखे बंद करून, वर्ग नेहमी असतो तसा ठेवून ती पेटवा. दाराच्या तळाशी, दाराच्या माथ्याशी, प्रत्येक खिडकीच्या फटीशी आणि शेवटी मागच्या कोपऱ्यात मुलाच्या नाकाच्या उंचीवर धरा. धूर एका बाजूला सरळ ओढला गेला तर तिथं वाट आहे. सरळ वर चढून घुटमळत राहिला तर त्या जागी हवा थांबलेली आहे. आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात धूर वर जाऊन छत्रीसारखा पसरला आणि तिथंच राहिला. डोकं दुखतं म्हणणारी पहिली तीन नावं त्याच कोपऱ्यातली होती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यातल्या एकाला मी "तू रोज काहीतरी निमित्त काढतोस" म्हणून रागावले होते.

एक्झॉस्ट पंख्याची आमची चूकही अगरबत्तीनंच दाखवली. वायरिंग जवळ होतं म्हणून पंखा दाराच्या वर बसवला होता. दारातून आलेली हवा दोन हातांवरून तशीच बाहेर जायची, मागचा वर्ग तसाच. पावसात दार लावलं की पंखा नुसता घोंगावायचा, कारण आत यायला वाटच नव्हती. पंखा बसवायचाच असेल तर दाराच्या समोरच्या टोकाला, उंचावर बसवा आणि हवा आत येण्यासाठी दुसरीकडे तेवढीच मोकळी जागा ठेवा. पंखा हवा कुठून ओढतो हेही बघा. एका शाळेत पंखा लावल्यापासून संडासाचा वास वर्गात येऊ लागला, कारण हवा येणारी एकमेव खिडकी त्या बाजूची होती. आणि आपल्याकडे पावसात लाइट किती वेळ असते ते वेगळं सांगायला नको. विजेशिवाय चालेल ती वाट आधी, पंखा नंतर.

पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद: खरी गाठ इथं आहे

कोणत्याही शिक्षकाला विचारा, "खिडक्या का लावता?" उत्तर एकच: "पाणी येतं, वह्या भिजतात." ते खरंच आहे. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय तो "खिडक्या उघड्या ठेवा" असा कोरडा उपदेश करणार नाही. पाणी अडवून हवा सोडायची, असं काम करायला हवं.

आपल्याकडे पावसाचं वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं. त्यामुळे पूर्वेकडच्या खिडक्या बहुतेक दिवस उघड्या राहू शकतात. पण पावसानं खोलीची एक बाजू झोडपली की आपण चारी बाजू लावून घेतो. आम्ही आधी तेवढंच बदललं, पूर्वेच्या खिडक्यांना दिवसभर हात लावायचा नाही. पैसा न घालता अर्धा फरक तिथंच पडला.

मग मामांनी बुजवलेले झरोके पुन्हा फोडले. पश्चिमेच्या झरोक्याला बाहेरून खाली तोंड केलेल्या तिरप्या पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या, वर दीड फुटाचा छज्जा काढला, आतून पारव्यांसाठी जाळी. पट्ट्या तिरप्या असल्यामुळे पाणी बाहेर ओघळतं आणि वारं आत शिरतं. समोरचा पूर्वेचा झरोका साधाच ठेवला. बऱ्याच पुस्तकी सल्ल्यांत गरम हवा वर जाऊन झरोक्यातून निघते असं म्हणतात. उन्हाळ्यात ते खरं, पण जुलैत आतबाहेर गारठा सारखाच असतो, तेव्हा ती ओढ फार कमी पडते. पावसाळ्यात काम करतं ते वारं, म्हणून झरोके समोरासमोरच हवेत. एकाच भिंतीत दोन काढून उपयोग नाही.

सरकत्या खिडकीबद्दलही बोलते. ती कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, एक तावदान नेहमी दुसऱ्यावर असतं. दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. कागदावर दोन्ही चार बाय चार असतात, हवेच्या हिशेबात एक दुसरीच्या निम्मी. नवी खोली मंजूर होत असेल तर हे आधी बोला.

आणि तासांच्या मध्ये पाच मिनिटं, मधल्या सुट्टीत पूर्ण वेळ, सगळ्यांना बाहेर काढून दारं-खिडक्या सताड उघडायच्या. आमच्याकडे दर आठवड्याला दोन मुलं "हवामंत्री" असतात. ती माझ्यापेक्षा काटेकोर आहेत.

ओल वेगळी, तिचा इलाज वेगळा

एक खरं सांगून ठेवते: जुलैत खिडकी उघडून भिंत वाळत नाही. बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते. खिडकीनं श्वासाची वाफ जाते, वास जातो, पण भिंतीतली ओल पाण्याची वाट बंद केल्याशिवाय जात नाही.

पाणी भिंतीतून येतंय की हवेतून, हे आधी पाहा. हातभर प्लास्टिकचा कागद ओल्या जागेवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर थिजतेय, म्हणजे मुद्दा पुन्हा शिळ्या हवेचा. एवढं केल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.

आमच्या भिंतीत पाणी खालून येत होतं. पागोळ्यांचं पाणी पायाशीच पडायचं, मैदान सपाट करताना ओढलेली लाल माती जोत्याच्या वर भिंतीला टेकलेली होती. ती माती हातभर खाली काढली, पाण्याला उतार देऊन चर खणला, गच्चीच्या पन्हाळीत अडकलेला पाला काढला. हे सगळं एका शनिवारी पालकांनी केलं. ऑइल पेंटनं उलट नुकसान केलं होतं. तो भिंतीचं तोंड बंद करतो, आत अडकलेली ओल वर सरकते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. चिऱ्याच्या भिंतीला चुना बरा, तो ओल बाहेर सोडतो.

बुरशी कोरडी खरवडू नका, तिची पूड हवेत उडते. सुट्टीच्या दिवशी, तोंडाला मास्क बांधून, ओल्या फडक्यानं पुसा. ब्लीचिंग वापरलंच तर संडास साफ करायच्या ॲसिडशी त्याची गाठ पडू देऊ नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसं जाळतो. आणि ओले रेनकोट वर्गात खुंट्यांवर टांगायची सवय मोडा. पडवीत एक दोरी बांधली की काम झालं.

धूर आणि धूळ

यावर थोडक्यात. अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक गॅसवर असतो, पण सिलिंडर लांबला की चूल पेटते, आणि ती खोली वर्गाच्या वाऱ्याच्या बाजूला असेल तर सगळा धूर आत. त्या दिवशी तेवढ्या वेळापुरत्या त्या बाजूच्या खिडक्या लावा, दुसऱ्या उघडा. मैदान झाडून पाला पेटवायची सवय मात्र पूर्ण बंद करा. खड्ड्यात टाका, खत होतं. उसाच्या हंगामात शेजारच्या शिवारात पाचट पेटलं तर खिडक्या लावणंच बरोबर. निपाणीकडच्या एका मैत्रिणीच्या शाळेत तंबाखूच्या दिवसांत शिंकांची साथ येते. तिथं वखारीच्या बाजूची खिडकी लावून मागच्या दोन उघडल्या. पुणे-बेंगळुरू हमरस्त्याला लागलेल्या शाळांनीही हेच धोरण ठेवावं. बाहेरची हवा नेहमीच चांगली असते असं मानू नका. सूक्ष्म धुळीची म्हणजे पीएम २.५ ची आपल्या देशातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ सुचवली.

वर्गातली धूळ बहुतेक पायांबरोबर आलेला चिखल असतो, वाळून त्याची पूड होते. मुलं येण्याआधी, पाणी शिंपडून झाडा. फळा ओल्या फडक्यानं पुसा आणि डस्टर खिडकीतून आपटू नका, वारं ती पूड परत आत आणतं.

मीटर घ्यावा का?

घेतला तर एका शाळेला नव्हे, आठ-दहा शाळांच्या केंद्राला मिळून एक घ्या आणि फिरवा. स्वस्त मीटरांत बरेच फसवे असतात, ते दुसऱ्याच वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. अगरबत्ती लावली तरी त्यांचा आकडा उसळतो. खोक्यावर "एनडीआयआर" लिहिलेलाच घ्या, तो अवरक्त किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइडच मोजतो. आणल्यावर वीस मिनिटं मोकळ्या मैदानात ठेवा. ४२० च्या आसपास दाखवला तर भरवसा ठेवा. वर्गात तो मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, मागच्या बाजूला ठेवायचा, खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोर नाही. उसना आणलेला मीटर आमच्या बंद वर्गात तिसऱ्या तासाला दोन हजारांच्या वर होता, हे बघून मुलंच पळत जाऊन खिडक्या उघडायला लागली.

सगळं केलं आणि तरी परत आलं तर

आमचं आलं. झरोके काढल्यावर पुढचा पावसाळा छान गेला, त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा जांभया. अगरबत्ती झरोक्याशी धरली तर धूर हलेना. शिडी लावून बघितलं: जाळीवर कोळिष्टकं आणि धुळीचा जाड थर, बोट खुपसावं लागलं. बारीक जाळी डास अडवते तशी हवाही अडवते आणि लवकर तुंबते. पारव्यांसाठी अर्ध्या इंचाची जाळी पुरते. आता शाळा उघडायच्या आधल्या दिवशी आणि दसऱ्याच्या सुट्टीत जाळ्या धुवायच्या, असं एसडीएमसीच्या ठरावात लिहूनच घेतलंय. शिक्षक बदलून गेले तरी वही राहते.

अर्ज करायचा असेल तर "वर्ग कोंदट आहे" एवढंच लिहू नका, त्यावर काही होत नाही. खोलीची मापं, मुलांची संख्या, उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ, कोणत्या साली काय बुजवलं, आणि दोन फोटो. अर्ज कन्नडमधून नीट लिहून घ्या, एक प्रत बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना. झरोका फोडणं हे गवंड्याचं एक-दोन दिवसांचं काम आहे, हे अर्जात लिहिलं की नाही म्हणणं अवघड होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या खोलीची कौलं उतरायची आहेत. आराखड्यात झरोके नव्हते, खिडक्या सरकत्या होत्या. आम्ही दोन्ही बदलून मागितलं आहे. मामांनी पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतीवर, वर, समोरासमोर, गेरूनं दोन चौकोन आतापासूनच आखून ठेवलेत.